टोमॅटोच्या मर रोगासाठी नॅनो कण कसे वापरावेत : तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

"प्लॉट फुलात आहे, खालची पानं पिवळी पडून झाडं माना टाकायला लागलीत. ड्रिपमधून नॅनो कॉपर सोडू का?" जुन्नर, संगमनेर, दिंडोरी, निफाड, कुठूनही फोन आला तरी प्रश्न बहुतेक हाच असतो, आणि तो याच वेळी येतो. तोवर बुरशी मुळातून आत शिरून खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बसलेली असते. माना टाकलेलं झाड पाणीच ओढत नसतं, मग त्या पाण्यातले तांब्याचे अतिसूक्ष्म, म्हणजे नॅनो, कण ते कुठून ओढणार? जमिनीत ओतलेले कण मातीच्या आणि सेंद्रिय पदार्थाच्या कणांना चिकटून वरच्या थरातच अडकतात.

नॅनो कणांचं काम बुरशी मुळात शिरण्याआधीचं आहे. म्हणजे ते ट्रेमधल्या रोपांवर आणि लागवडीनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत करायचं आहे. लेखातले टप्पे त्याच क्रमाने दिलेत. मधलाच टप्पा उचलून सुरुवात करू नका. बहुतेकांचं नुकसान तिथेच होतं.

टप्पा १ : मर कोणती आहे, ते आधी ठरवा

टोमॅटोचं झाड सुकतं म्हणजे ती बुरशीजन्य मरच असेल असं नाही. गेल्या हंगामात ज्या प्लॉटमध्ये झाडं गेली किंवा आज शेजारच्या ज्या प्लॉटमध्ये जातायत, तिथली तीन-चार झाडं मुळासकट उपटा. पूर्ण वाळलेलं झाड घेऊ नका. अर्धवट सुकलेलं, खोड अजून ओलं असलेलं झाड घ्या.

फ्युजेरियम बुरशीची मर हळूहळू येते. खालची पानं आधी पिवळी पडतात. बऱ्याचदा एकाच बाजूच्या फांद्या पिवळ्या होतात आणि दुसरी बाजू हिरवी राहते. कधी एकाच पानातल्या अर्ध्या पर्णिका पिवळ्या आणि अर्ध्या हिरव्या दिसतात. दुपारी झाड मान टाकतं, सकाळी सावरतं, आणि काही दिवसांनी सावरायचं थांबतं. बुंध्यापासून वीतभर खोड धारदार चाकूने उभं चिरा. सालीच्या लगेच आत तपकिरी रेघ दिसेल आणि मधला गर मात्र पांढराच असेल. ही रेघ नखाने खरवडून पाहा. वर डाग असेल तर निघून जाईल, नळ्या तपकिरी झाल्या असतील तर रेघ तशीच राहील.

जिवाणूजन्य मर वेगळी. तिच्यात झाड हिरवंगार असतानाच दोन-तीन दिवसांत कोसळतं, पानं पिवळी व्हायला वेळच मिळत नाही. तिची परीक्षा ग्लासात होते. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या. बुंध्याजवळचा दोन इंचांचा ताजा तुकडा कापा आणि त्याचं खालचं टोक पाण्यात बुडेल असा दोऱ्याने टांगा. ग्लास हलवू नका, मागे काळा कागद धरा. पाच मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसले, तर ते जिवाणू आहेत.

बुंध्याशी जमिनीलगत पांढरी कापसासारखी वाढ आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती स्क्लेरोशियमची बुंधा कुज. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे डोळ्याला न दिसणारे कृमी. मुळं काळी पडून साल सुटत असेल आणि वाफ्यात पाणी साचून राहत असेल, तर आधी निचरा सुधारा.

> थांबा : ग्लासात दुधाळ धागे दिसले तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. जिवाणूजन्य मरीवर बुरशीसाठीचे नॅनो कण ओतण्यात पैसे घालवू नका. तिथे पीक फेरपालट, निचरा आणि सहनशील वाण हाच मार्ग आहे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा त्यातला एक वाण. पण तो जिवाणूजन्य मर सहन करतो म्हणून फ्युजेरियमही सहन करेल असं धरून चालू नका. दोन्ही रोगांचे प्रतिकार वेगवेगळे असतात.

सूत्रकृमीच्या गाठी आणि तपकिरी रेघ दोन्ही दिसल्या, तर आधी सूत्रकृमीकडे बघा. त्यांनी पाडलेल्या जखमांतून बुरशीला आयती वाट मिळते आणि वाणाचा प्रतिकारही ढिला पडतो. खात्री होत नसेल तर नमुना ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात द्या. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून नेलेला नमुना कुजून जातो आणि त्यावर भलत्याच बुरशी वाढतात.

टप्पा २ : जमीन तयार नसेल तर पुढे जाऊ नका

नॅनो कणांनी जमिनीतली बुरशी संपत नाही. फ्युजेरियमचे जाड कवचाचे बीजाणू वर्षानुवर्षं मातीत पडून राहतात. टोमॅटोवर मर आणणारी फ्युजेरियमची जात टोमॅटोपुरतीच असते, त्यामुळे तीन-चार वर्षं त्या तुकड्यात टोमॅटो न घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. ते शक्य नसेल तर किमान एवढं करा :

- एप्रिल-मे महिन्यात वाफे ओलवून त्यांवर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरा. कडा मातीत दाबा. काळा मल्चिंग पेपर या कामाला चालत नाही, ऊन आत जायला हवं.
- मातीचा सामू (पीएच) तपासा. आम्लधर्मी, हलक्या जमिनीत ही मर जास्त येते. ६.५ ते ७ सामूला ती मंदावते. आपल्याकडच्या बऱ्याच चुनखडीच्या जमिनींचा सामू आधीच ७.५ च्या वर असतो, तिथे चुना टाकण्याचं कारण नाही.
- सुरुवातीच्या महिन्यात अमोनियाच्या रूपातलं नत्र हात राखून द्या. त्याने फ्युजेरियमला बळ मिळतं. नायट्रेटच्या रूपातलं नत्र तुलनेने बरं.
- लागवडीआधी किमान दोन आठवडे चांगल्या कुजलेल्या शेणखतात वाढवलेला ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) गादीवाफ्यात मिसळा.

नत्राचा मुद्दा निघालाच आहे तर एक गैरसमज इथेच मिटवू. नॅनो युरिया हे खत आहे, मरीवरचं औषध नाही. बाटलीवर 'नॅनो' छापलंय म्हणून मर लागलेल्या झाडांना तो सोडणारे शेतकरी मी पाहिले आहेत. त्या झाडांना त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

टप्पा ३ : कोणता कण, आणि बाटलीवर काय वाचायचं

नॅनो म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण. टोमॅटोच्या मरीसाठी प्रामुख्याने चार प्रकारांवर काम झालं आहे.

*कायटोसान* कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनतं. ते बुरशीच्या पेशींना त्रास देतंच, शिवाय झाडाची स्वतःची संरक्षण यंत्रणा जागी करतं. मातीत त्याचं विघटन होतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने यापासूनच करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

*झिंक ऑक्साइड* आणि *कॉपर ऑक्साइड* हे धातूंचे कण. ते थोड्या मात्रेत अन्नद्रव्य म्हणूनही लागू पडतात, पण मात्रा वाढली की कोवळी मुळं जळतात. शिवाय तांबं मातीतून जात नाही, दर हंगामाला साठत राहतं.

*चांदीचे* कण प्रयोगशाळेतल्या बशीत झकास काम करतात. शेतात मात्र ते वापरू नका. ते मातीतल्या चांगल्या-वाईट सगळ्याच जिवाणूंना मारतात, पाण्यातल्या क्लोराइडशी संयोग होऊन निकामीही होतात, आणि ओढ्यात गेले तर माशांना घातक ठरतात.

अपेक्षा किती ठेवायची? उदयपूरच्या महाराणा प्रताप कृषी विद्यापीठातल्या चमूने २०१५ मध्ये तांबं-कायटोसान नॅनो कणांचे टोमॅटोवरचे निकाल प्रसिद्ध केले. कुंड्यांतल्या झाडांवर ०.१२ टक्के मात्रेला लवकर येणाऱ्या करप्याचं नियंत्रण ८७.७ टक्के मिळालं आणि फ्युजेरियम मरीचं ६१.१ टक्के. औषध तेच, झाडं टोमॅटोचीच, तरी पानावरच्या रोगापेक्षा मरीवर परिणाम बराच कमी. आणि हे कुंडीतलं आहे. उघड्या शेतात त्याहून कमीच धरून चाला. 'शंभर टक्के मर बंद' म्हणणाऱ्या विक्रेत्याच्या दारात उभं राहू नका.

बाटली घेताना या गोष्टी वाचा :

१. रोगनियंत्रणाचा दावा असेल तर कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा नोंदणी क्रमांक आहे का? खत म्हणून विकलं जात असेल तर ते खत नियंत्रण आदेशाखाली येतं आणि त्यावर रोगाचा दावा छापता येत नाही.
२. सक्रिय घटकाचं प्रमाण टक्क्यांत दिलंय का, आणि ते धातूचं आहे की ऑक्साइडचं? झिंक ऑक्साइडमध्ये वजनाने सुमारे ८० टक्केच जस्त असतं.
३. कणांचा सरासरी आकार, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख.

पक्कं बिल घ्या. नोंदणी नसलेला, प्रयोगशाळेत बनवलेला नमुना असेल तर तो विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या देखरेखीखालीच वापरा आणि त्या ओळींचा माल बाजारात नेऊ नका.

> थांबा : निंबाच्या पाल्याचा काढा मोरचुदात (कॉपर सल्फेटमध्ये) ओतला, रंग बदलला, म्हणजे घरी नॅनो कॉपर तयार झालं, असे व्हिडिओ फिरतात. रंग बदलला यावरून कण किती मोठे झाले ते कळत नाही आणि किती मोरचूद तसंच उरलं तेही कळत नाही. ते उरलेलं मोरचूदच रोपं जाळतं. कणांचा आकार मोजायचं यंत्र हाताशी नसेल तर हा उद्योग करू नका.

कोरडी नॅनो पावडर शेतकऱ्याने हाताळूच नये. ती श्वासातून फुप्फुसात खोलवर जाते. द्रवरूपातलंच घ्या. तेही मोजताना हातमोजे, चष्मा आणि मास्क हवाच.

टप्पा ४ : पाणी आणि बरणीची परीक्षा

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यावर होतात, त्यामुळे इथे थोडं थांबू.

नॅनो कण पाण्यात वेगवेगळे राहिले तरच नॅनो. ते एकमेकांना चिकटून गोळे झाले की तुम्ही साधी भुकटीच ओतताय. आणि त्यांना चिकटवायला आपल्या बोअरचं जड पाणी पुरेसं आहे. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम कणांवरचा विद्युतभार मारून टाकतं, मग ते एकमेकांना दूर ठेवू शकत नाहीत.

कायटोसानची अडचण वेगळी. ते आम्लधर्मी पाण्यातच नीट राहतं. सामू साडेसहाच्या वर गेला की ते बाहेर पडू लागतं. मी हे पहिल्यांदा अनुभवलं ते ८ च्या आसपास सामू असलेल्या बोअरच्या पाण्यात. दोनशे लिटरच्या पिंपात द्रावण ओतलं, वर काहीच दिसलं नाही. अर्ध्या तासाने ड्रिपचा फिल्टर उघडला तर जाळीवर शेवयांसारखे पांढरे, बुळबुळीत धागे गुंडाळलेले. औषध सगळं जाळीवर बसलं होतं आणि झाडाला नुसतं पाणी गेलं होतं. त्या दिवसापासून बरणीची परीक्षा केल्याशिवाय मी एकही पिंप भरलेलं नाही.

बरणीची परीक्षा :

१. आळवणीसाठी, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतण्यासाठी, जे पाणी वापरणार तेच एक लिटर पारदर्शक काचेच्या बरणीत घ्या. सामूची पट्टी बुडवून नोंद करा.
२. औषधाची बाटली दोन मिनिटं जोरात हलवा. तळाला बसलेला साका हलत नसेल तर ती बाटली परत करा.
३. ठरलेली मात्रा बरणीत सोडा, लाकडी काडीने ढवळा, सावलीत दोन तास ठेवा.
४. तळाशी साका, मधे धागे किंवा वर तवंग दिसला तर हे पाणी चालणार नाही.
५. अंधाऱ्या खोलीत बरणीतून लेझर टॉर्चचा झोत सोडा. कण विखुरलेले असतील तर झोताची रेघ द्रावणात आरपार एकसारखी दिसते. कण नॅनोच आहेत हे यातून सिद्ध होत नाही, पण वरचा भाग नितळ झाला असेल आणि तिथे रेघच उमटत नसेल, तर कण खाली बसलेत हे नक्की.

परीक्षा फसली तर पावसाचं साठवलेलं पाणी किंवा आरओचं शुद्ध पाणी घ्या. ट्रेच्या टप्प्याला पाणी थोडंच लागतं, त्यामुळे हे परवडतं. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र घेऊ नका, ते बोअरपेक्षाही जड असतं. कायटोसानसाठी पाण्याचा सामू साधं पांढरं व्हिनेगर थेंबाथेंबाने टाकून साडेपाचच्या जवळ आणा. सायट्रिक अॅसिड वापरू नका, ते कायटोसानचे धागे एकमेकांना जोडतं. झिंक किंवा कॉपर ऑक्साइडला उलट पाणी आम्लधर्मी करूच नका, कण विरघळतील.

> कशात मिसळू नये : कायटोसानमध्ये ह्युमिक अॅसिड, समुद्री शेवाळाचा अर्क, १२:६१:०० हे विद्राव्य खत यांपैकी काहीही टाकलं की लगेच गुठळ्या होतात. झिंक-कॉपरच्या कणांमध्ये फॉस्फरसयुक्त विद्राव्य खत नको. ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास (उपयोगी जिवाणू) कशातही नको. एकाच पिंपात सगळं टाकून मजुरी वाचवायचा मोह होतो, पण इथे तो आवरा.

टप्पा ५ : मात्रेचं गणित आणि दहा रोपांची चाचणी

टक्का आणि पीपीएम (दहा लाख भागांतले किती भाग) यांत घोळ झाला की चूक थेट दहापट-शंभरपट होते. एवढं पाठ असू द्या : १ टक्का म्हणजे लिटरला १० ग्रॅम, म्हणजेच १०,००० पीपीएम. ०.१ टक्का म्हणजे लिटरला १ ग्रॅम, १,००० पीपीएम.

सूत्र असं : हवे असलेले पीपीएम × द्रावणाचे लिटर ÷ बाटलीतले पीपीएम = बाटलीतून घ्यायचे लिटर.

उदाहरण घेऊ. बाटली १ टक्क्याची आहे आणि तुम्हाला १०० पीपीएमचं ६० लिटर द्रावण हवंय. १०० × ६० ÷ १०,००० = ०.६ लिटर, म्हणजे ६०० मिली. हा आकडा फक्त गणितासाठी आहे. तुमच्या उत्पादनाची मात्रा लेबलवर जी आहे तीच.

मग चाचणी. एकाच ट्रेमधली चाळीस रोपं घ्या. दहा रोपांना नुसतं पाणी, दहांना लेबलच्या अर्धी मात्रा, दहांना पूर्ण, दहांना दुप्पट. पाच दिवस थांबा. पानांच्या कडा करपल्या का, नवं पान पिवळट आलं का, आणि रोप उपटून मुळांची पांढरी टोकं तपकिरी झाली का, ते पाहा. दुप्पट मात्रेला रोप टिकलं तरच पूर्ण मात्रा सुरक्षित समजा, कारण प्रत्यक्षात एखाद्या कप्प्यात चुकून दुप्पट जातंच. पूर्ण मात्रेलाच मुळांची टोकं तपकिरी झाली, तर अर्ध्या मात्रेवर या किंवा ते उत्पादन सोडून द्या.

टप्पा ६ : साध्या ओळी आधी राखा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि हंगामाच्या शेवटी 'यंदा मर कमी होती' एवढंच सांगू शकतात. कशामुळे कमी होती? औषधामुळे, पाऊस कमी झाल्यामुळे, की वाण बदलल्यामुळे? साध्या ओळी राखल्या नसतील तर याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही.

प्लॉटमध्ये चार ठिकाणं निवडा. मर ठिपक्या-ठिपक्यांनी येते, म्हणून गेल्या वर्षी जिथे झाडं गेली तिथलं एक आणि उताराच्या वर-खालीची बाकीची. प्रत्येक ठिकाणी वीस-वीस झाडांचे तीन तुकडे :

- पहिला : नुसतं पाणी.
- दुसरा : तोच पदार्थ साध्या रूपात. म्हणजे नॅनो झिंक वापरणार असाल तर तेवढंच जस्त झिंक सल्फेटमधून. कायटोसान असेल तर व्हिनेगरच्या पाण्यात विरघळवलेलं साधं कायटोसान.
- तिसरा : नॅनो.

दुसऱ्या तुकड्यामुळे नॅनोचे जास्तीचे पैसे वसूल होतात का ते कळतं. साध्या जस्तानेच तेवढा फरक पडत असेल तर महाग बाटली कशाला? तिन्ही तुकड्यांचा क्रम प्रत्येक ठिकाणी चिठ्ठ्या टाकून ठरवा. बांबूला रंगीत पट्ट्या बांधा आणि वहीत नकाशा काढा. पट्ट्या उडून जातात, वहीतला नकाशा राहतो. बाकी खत, पाणी, फवारण्या सगळ्यांना सारख्याच.

टप्पा ७ : ट्रेमध्ये पहिला वापर

रोपं पुनर्लागवडीला येण्याच्या पाच-सहा दिवस आधी, साधारण १८ ते २२ दिवसांची असताना, पहिला वापर करा. रोपवाटिकेतून रोपं घेत असाल तर त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा, नाहीतर ट्रे पाच दिवस आधी घरी आणा.

५ × १.५ फुटांवर एकरी सुमारे ५,८०० रोपं बसतात. ९८ कप्प्यांचे ६० ट्रे. कप्प्याला १० मिली धरले तर ट्रेला साधारण १ लिटर, एकूण ६० लिटर.

१. आदल्या संध्याकाळी ट्रेला थोडं कमी पाणी द्या. कोकोपीट (कप्प्यातला नारळाच्या काथ्याचा भुसा) चिंब असेल तर औषध खालच्या भोकातून निघून जातं. पण सुकवूही नका, सुकलेलं कोकोपीट पाणी झिडकारतं.
२. द्रावण त्याच वेळी बनवा आणि तीन-चार तासांत संपवा. कालचं उरलेलं आज वापरू नका.
३. सकाळी दहाच्या आत बारीक झारीने कप्प्याकप्प्यात सोडा. दर पाच मिनिटांनी बादली ढवळा, नाहीतर पहिल्या ट्रेला पातळ आणि शेवटच्याला दाट जाईल.
४. याच द्रावणाचा हलका फवारा पानांवरही मारा, लेबल परवानगी देत असेल तर. अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या कृषी प्रयोग केंद्रात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात धातूंच्या ऑक्साइडचे नॅनो कण टोमॅटो-वांग्याच्या कोवळ्या रोपांच्या पानांवरच मारले होते, आणि रोगट मातीत वाढलेल्या झाडांमध्ये तांब्याचा परिणाम ठळक दिसला. धातूचे अतिसूक्ष्म कण पानातून खाली मुळाकडे जाऊ शकतात, हे त्यामागचं इंगित.

> तपासा : दुसऱ्या दिवशी ट्रेच्या चार कोपऱ्यांतलं आणि मधलं एकेक रोप उपटा. पाचही रोपांचं कोकोपीट खालपर्यंत सारखं ओलं असायला हवं. कोपरे कोरडे निघाले तर तिथे द्रावण पोहोचलेलं नाही.

लागवडीच्या दिवशी मुळं पुन्हा द्रावणात तासभर भिजत ठेवायची पद्धत मला पसंत नाही. ट्रेमधून काढताना तुटलेल्या मुळांना धातूचे कण लगेच झोंबतात. शिवाय एक रोगट रोप त्या बादलीत गेलं तर त्यातली बुरशी सगळ्यांना लागते.

टप्पा ८ : लागवडीनंतर दोन आळवण्या

पहिली आळवणी लागवडीनंतर ७ ते १० दिवसांनी, नवी पांढरी मुळं कोकोपीटच्या बाहेर आली की. दुसरी २१ ते २५ दिवसांनी, फुलकळी लागायच्या आत. बुरशी शिरते ती कोवळ्या मुळांच्या टोकांतून आणि नवं उपमूळ फुटताना पडणाऱ्या फटींतून. म्हणूनच हे दोन मुहूर्त. लेबलवर वेगळं वेळापत्रक असेल तर ते पाळा.

झाडाला ५० मिली, एकरी सुमारे २९० लिटर. पंपाचं नोझल काढून किंवा मापाच्या मगाने बुंध्याभोवती गोल सोडा. बुंध्यावर थेट धार नको. जमीन वाफशावर हवी, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली. ड्रिपमधून सोडायचं तर बरणीची परीक्षा पास झालेली असली पाहिजे. आधी पंधरा मिनिटं साधं पाणी, मग औषध, मग पुन्हा पाच मिनिटं साधं पाणी. लांबलचक पाणी मागे सोडलंत तर सगळं मुळांच्या खाली जाईल.

ट्रायकोडर्मा पुन्हा द्यायचा असेल तर नॅनो आळवणीनंतर किमान पंधरा दिवस थांबा. धातूच्या कणांना चांगली बुरशी आणि वाईट बुरशी असा भेद कळत नाही.

तिसरी, चौथी आळवणी नको. लेबल सांगत नसताना फळधारणेनंतर धातूचे कण देण्यात रोगाचा फायदा नाही आणि मालात उतरण्याची भीती मात्र आहे. उरलेलं द्रावण विहिरीजवळ, ओढ्यात, जनावरांच्या हौदाजवळ ओतू नका. पिकाच्याच बांधाला, पाणी वाहून जाणार नाही अशा जागी जिरवा. मोजमापाची भांडी स्वयंपाकघरात परत जाता कामा नयेत.

टप्पा ९ : आठवड्याची नोंद आणि शेवटी खोडं चिरणं

दर आठवड्याला एकाच दिवशी, सकाळी आठच्या आत फेरी मारा. दुपारी निरोगी झाडही मान टाकतं आणि नोंद चुकते. प्रत्येक झाडाला गुण द्या : ० निरोगी, १ खालची पानं पिवळी, २ अर्धं झाड पिवळं किंवा मलूल, ३ बहुतेक झाड सुकलेलं, ४ मेलेलं.

रोगाची तीव्रता अशी काढा. वीस झाडांपैकी ९ ना ०, चौघांना १, तिघांना २, दोघांना ३ आणि दोघांना ४ गुण मिळाले. गुणांची बेरीज ४ + ६ + ६ + ८ = २४. जास्तीत जास्त शक्य गुण २० × ४ = ८०. २४ ला ८० ने भागून १०० ने गुणलं की ३० टक्के.

३ आणि ४ गुणांची झाडं नोंद झाल्यावर लगेच काढा. आधी खताच्या रिकाम्या पिशवीत झाड घाला, मग मुळासकट ओढा, म्हणजे रोगट माती वाटेत सांडणार नाही. ती बांधावर किंवा उकिरड्यात टाकू नका, वाळवून जाळा. खुरपं, बूट धुऊनच पुढच्या ओळीत जा. काढलेल्या झाडाला वहीत पुढेही ४ च धरा. कित्येक वह्यांत अशी झाडं पुढच्या आठवड्यात गायबच होतात आणि रोग कमी झाल्यासारखा दिसतो.

चार ठिकाणचे आकडे शेजारी-शेजारी मांडा. पाण्याच्या चार तुकड्यांत आपसातच २० ते ४५ टक्के एवढा फरक असेल आणि नॅनोचे तुकडे त्याच्यामध्येच कुठेतरी असतील, तर फरक पडलेला नाही असंच लिहा. चारही ठिकाणी नॅनोचा आकडा पाण्यापेक्षा आणि साध्या रूपापेक्षा खाली असेल, तर पुढच्या हंगामात अर्ध्या एकरावर पुन्हा करून पाहा. प्रत्येक तुकड्याचे क्रेट वेगळे मोजा, कारण बाटलीचा खर्च शेवटी त्या क्रेटांतूनच निघायचा आहे.

शेवटचा तोडा झाल्यावर तार-बांबू काढायच्या आधी प्रत्येक तुकड्यातली जी झाडं उभी आहेत त्यांतली पाच-पाच बुंध्यापासून उभी चिरा. तपकिरी रेघ किती इंच वर गेली ते पट्टीने मोजून वहीत लिहा. वरून हिरव्या दिसलेल्या झाडांतही रेघ सापडते, आणि नॅनोच्या तुकड्यात ती पाण्याच्या तुकड्याएवढीच वर गेलेली असेल, तर झाडं फक्त उशिरा सुकणार होती, एवढाच त्याचा अर्थ.